घरातील हवेची परीक्षा : चुन्याच्या निवळीपासून चुलीपर्यंत

जुन्या घरांची जोती, भिंती आणि उंबरे उत्खननात सापडतात. त्या घरांतील हवा मात्र कोणाच्याही हाती लागत नाही. घरातील हवेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्यामुळे हवेचा नव्हे, तर हवेच्या परीक्षांचा इतिहास लिहावा लागतो. परीक्षक कोण होता, तो घरात कोणत्या वेळी आला, त्याच्या हातात कोणते उपकरण होते आणि त्याने ते घराच्या कोणत्या भागात ठेवले, एवढेच कागदोपत्री उरते. या नोंदी कालक्रमाने लावून पाहिल्या असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. ज्या दोषाची परीक्षा उपलब्ध होती त्याचेच निवारण झाले; ज्याची परीक्षा नव्हती तो दोष डोळ्यांत पाणी आणीत असतानाही अहवालांत गौण राहिला. भारतीय घरातील चुलीचा धूर हा असा दुसऱ्या प्रकारचा दोष होय. तो मोजला जाण्यास विसाव्या शतकाचे नववे दशक का उजाडावे लागले, याचे उत्तर चुलीपाशी मिळत नाही. ते एकोणिसाव्या शतकातील म्यूनिक शहरी शोधावे लागते.

त्याही आधीची एक फसलेली परीक्षा येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १७७२ मध्ये प्रीस्टली यांनी हवेचा ‘चांगुलपणा’ मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. परीक्ष्य हवेत नायट्रिक ऑक्साइड वायू मिसळावयाचा आणि पाण्यावर तिचे आकारमान किती घटते ते पाहावयाचे. घट जितकी अधिक तितकी हवा श्वसनास योग्य. या तत्त्वावर युडिओमीटर नावाची उपकरणे निघाली आणि ती घेऊन युरोपातील विद्वान डोंगरमाथ्यांवर, दलदलींत, तुरुंगांत व नाट्यगृहांत हिंडू लागले. कॅव्हेंडिश यांनी १७८१ मध्ये लंडन व त्या वेळी शहराबाहेर असलेले केन्सिंग्टन येथील हवा अनेक दिवस तपासली आणि १७८३ मध्ये निष्कर्ष छापला : दोन्हींत फरक आढळत नाही. प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच. ज्याला नाकाने फरक कळत होता त्याला उपकरणाने कळेनासा झाला. दोष उपकरणाचा नव्हता. जो घटक मोजावयास घेतला तोच बदलत नव्हता.

म्यूनिकचे माक्स फोन पेटेनकोफर (१८१८–१९०१) यांचे महत्त्व येथून सुरू होते. त्यांनी प्राणवायू सोडून दिला आणि कार्बन डायॉक्साइड हाती घेतला. बेरियम हायड्रॉक्साइडच्या निवळीत हवेतील हा वायू शोषून घ्यावयाचा, मग उरलेल्या निवळीचे ऑक्झॅलिक आम्लाने मापन करावयाचे, अशी ही रीत होती. तीत काचेची मोठी बाटली, दोन द्रावणे आणि बऱ्यापैकी संयम यांहून अधिक काही लागत नसे. इमारतींतील वायुविनिमयावरील त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वसतीच्या खोलीतील हवेत कार्बन डायॉक्साइड दर हजारी एक भागाहून अधिक असू नये, ही मर्यादा त्यांच्या नावाने रूढ झाली. हा वायू त्या प्रमाणात अपायकारक आहे असे पेटेनकोफर यांचे म्हणणे मुळीच नव्हते, हे अनेक पाठ्यपुस्तके विसरतात. माणसाच्या श्वासातून व त्वचेतून जे काही बाहेर पडते ते सर्व मोजणे अशक्य. त्याबरोबर बाहेर पडणारा हा एक वायू मात्र मोजता येतो. म्हणून तो इतरांचा साक्षीदार मानावयाचा. साक्षीदाराची ही भूमिका एका अटीवर अवलंबून होती. खोलीतील जादा कार्बन डायॉक्साइड हा माणसांच्या श्वासातूनच आलेला असला पाहिजे.

या अटीचा अर्थ पेटेनकोफर यांच्या स्वतःच्या अभ्यासिकेत उत्तम प्रकारे दिसतो. विटांच्या भिंतींची ही खोली सुमारे ७५ घनमीटर आकारमानाची होती. तीत मुद्दाम कार्बन डायॉक्साइड सोडून तो किती वेगाने कमी होतो हे त्यांनी वारंवार मोजले. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत ऊब, असा तापमानात सुमारे वीस अंशांचा फरक असताना दारे-खिडक्या बंद ठेवूनही ताशी सुमारे ७५ घनमीटर हवा बदलत होती. फटी कागदाने चिकटवून बंद केल्या तेव्हा हा आकडा ५४ वर आला, आणि शेगडी पेटविली तेव्हा सुमारे ९४ वर गेला. फटी बुजवूनही इतकी हवा येते तर ती भिंतींतूनच येत असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. विटांच्या ‘श्वास घेणाऱ्या’ भिंतींची ही कल्पना पुढे चुकीची ठरली. पण बांधकामाच्या बोलीत ती आजही ऐकू येते. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिसरा आकडा अधिक मोलाचा आहे. शेगडी पेटल्यावर खोलीतील हवा अधिक वेगाने बदलली, कारण त्या शेगडीस धुराडे होते आणि ते खोलीतील हवा ओढून बाहेर टाकीत होते. म्यूनिकच्या घरात अग्नी हा हवा शुद्ध करणारा सेवक होता. त्याचा धूर खोलीच्या हिशेबात येतच नव्हता.

खोलीत घाणीचा साठा असेल तर वारा खेळवून वास घालविण्यापूर्वी तो साठाच बाहेर काढावा, असेही पेटेनकोफर यांचे स्पष्ट मत होते. उगमाचे निवारण प्रथम, वायुविनिमय नंतर. त्यांच्या मर्यादेचा आकडा जगभर गेला. हा क्रम मात्र बहुधा म्यूनिकमध्येच राहिला.

इंग्लंडमध्ये या परीक्षेस घरगुती रूप देण्याचा प्रयत्न रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी केला. मँचेस्टरच्या हवेवर व पावसावर आयुष्य वेचलेल्या या रसायनज्ञाने मापन टाळून नुसती गढूळता पाहण्याची युक्ती काढली. सुमारे साडेदहा औंसांच्या स्वच्छ बाटलीत खोलीतील हवा भरावी, तीत अर्धा औंस चुन्याची निवळी घालून बाटली हलवावी. निवळी दुधाळ झाली नाही तर कार्बन डायॉक्साइड दर दहा हजारी सहा भागांहून कमी आहे असे समजावे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना स्मिथ यांच्या हवेच्या परीक्षेचे फार कौतुक होते. शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात (१८५९) ती अधिक सोपी होऊन प्रत्येक शयनगृहात व रुग्णाच्या खोलीत पोहोचावी, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. चुन्याची निवळी आपल्याकडील घरांना अपरिचित नव्हती. पानाचा चुना तर जवळजवळ प्रत्येक घरी होता. तरीही ही परीक्षा इकडील घरांत रुजली नाही.

नेटली येथील लष्करी वैद्यक विद्यालयातील दे शोमाँ यांनी नाकालाच उपकरणाच्या पंक्तीस बसविले. मोकळ्या हवेतून बराकीत शिरताक्षणी येणाऱ्या वासाची प्रत नोंदवावयाची आणि त्याच वेळी कार्बन डायॉक्साइड मोजावयाचा, अशा शेकडो जोडनोंदी करून त्यांनी १८७५ च्या सुमारास निष्कर्ष मांडला. बाहेरच्या हवेहून आतील हवेत हा वायू दर हजारी ०.२ भागाने वाढला की नाकाला फरक जाणवू लागतो. एक मनुष्य ताशी सुमारे ०.६ घनफूट कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकतो असे धरले, तर ही मर्यादा राखण्यासाठी दर माणशी ताशी ३,००० घनफूट हवा हवी. बराकी, रुग्णालये व तुरुंग यांच्या आराखड्यांवर या आकड्याने दीर्घकाळ राज्य केले. एक गंमत अशी की, त्या काळी बाहेरच्या हवेत हा वायू दर दहा हजारी चार भाग असतो असे मानीत. प्रत्यक्षात तो तीनाहूनही किंचित कमी होता; कोळसा व खनिज तेल जाळून आज तो चाराच्या वर गेला आहे. व्हिक्टोरियन पाठ्यपुस्तकाची चूक अशा रीतीने दीडशे वर्षांनी खरी होऊन मागे पडली.

घरांच्या परीक्षेचा सर्वांत धाडसी प्रयोग स्कॉटलंडमधील डंडी येथे झाला. कार्नेली, हाल्डेन व अँडरसन यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधासाठी मजुरांच्या घरांना मध्यरात्रीनंतर, पूर्वसूचना न देता भेटी दिल्या आणि एकखणी, दोनखणी व चार किंवा अधिक खणी अशा तीन वर्गांतील घरांची हवा तपासली. कार्बन डायॉक्साइड, सेंद्रिय द्रव्य व सूक्ष्मजंतू या तिन्ही बाबतींत एकखणी घर सर्वांत वाईट ठरले. मृत्यूचे प्रमाणही त्याच क्रमाने लागले. हवेच्या मोजमापास राहणीच्या दारिद्र्याशी इतक्या उघडपणे जोडणारे संशोधन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. ही परीक्षा रात्रीची होती, हे मात्र ध्यानात घ्यावयास हवे. सर्व जण निजलेले, चूल विझलेली, अशा वेळी माणसांचा श्वास तेवढा हवेत उरतो. डंडीत दिवसाही कोळशाचा धूर धुराड्यातूनच जाई. परीक्षकांनी रात्र निवडली ती गर्दीचा कळस त्या वेळी असतो म्हणून. परंतु निजलेल्या घराची हवा हीच घराची हवा, हा समज अशा परीक्षांतून दृढ होत गेला.

मराठी भाषेचा दाखला या संदर्भात उद्बोधक आहे. संस्कृतात खिडकीस ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट असे नाव आहे. ‘गवाक्ष’ हे नाव तिच्या आकारावरून, बैलाच्या डोळ्यावरून पडले. पेटेनकोफर यांच्या ग्रंथाच्या नावातील जर्मन शब्दाचा अर्थ ‘हवेची अदलाबदल’ असा होतो. त्या अर्थी आपण आज वापरतो तो ‘वायुवीजन’ हा शब्द मात्र ‘वीजन’ म्हणजे पंखा यावरून घडला आहे. त्यात वारा घालणे आहे, हवा बदलणे नाही. बंद खोलीतील हवेस मराठी माणूस ‘कोंदट’ म्हणतो. हा शब्द ‘कोंदणे’ म्हणजे दाटून भरणे या क्रियापदापासून आला असून त्याचा रोख हवेच्या घटकांवर नसून तिच्या अडकून पडण्यावर आहे. धुरास मात्र भाषेने स्वतंत्र वाट दिली. देशावरील माळवदी घराच्या छतात ठेवलेले ‘साणे’ उजेड आत घेते व धूर बाहेर सोडते. ‘धुराडे’ या शब्दात तर धूरच आहे. पुढे मुंबईच्या मराठीत ‘धुराडे’ म्हटले की डोळ्यांपुढे गिरणीचे धुराडे उभे राहू लागले. त्या धुराड्याखाली राबणाऱ्या कामगाराच्या खोलीस स्वतःचे धुराडे नव्हते.

मुंबईतील घरांच्या हवेकडे सरकारचे लक्ष वळले ते प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रोग ओळखला गेला आणि काही महिन्यांतच अधिकारी घराघरांत शिरू लागले. रोग कोंदलेल्या, अंधाऱ्या, ओलसर जागेत वसतो, ही तेव्हाची प्रबळ समजूत. त्यानुसार आतल्या आडभिंती पाडण्यात आल्या, छपरांची कौले काढून ऊन व वारा आत घेण्यात आला, आणि असंख्य दारांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाची यू. एच. एच. ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविण्यात आली. या मोहिमेत हवेचे मोजमाप असे काही नव्हते. पाहणाऱ्याचे डोळे व नाक हीच उपकरणे होती. रोगाचा खरा वाहक उंदरावरील पिसू आहे हे सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले, आणि १९०५ नंतर मुंबईतच काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने ते निर्विवाद केले. तोवर १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले होते. हवेवरचा आरोप रद्द झाला. तिच्यासाठी उभारलेली यंत्रणा मात्र राहिली.

या यंत्रणेने जी परीक्षा स्वीकारली ती इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावते. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड व हवेविषयी जे विवेचन केले त्याचा कणा एक कोन होता : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून क्षितिजसमांतर रेषेशी हा कोन करून वर काढलेली रेषा समोरच्या इमारतीस कोठेही छेदता कामा नये. भूमितीने सांगावयाचे तर, समोरील इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक नसावी. बाटली नको, निवळी नको, मध्यरात्रीची भेट नको. नकाशावर कोनमापक ठेवला की परीक्षा झाली. घर बांधले जाण्यापूर्वीच त्याची हवा तपासता येऊ लागली. प्रशासनाच्या सोयीच्या दृष्टीने हा नियम असामान्य होता, आणि त्याच्यामुळे अनेक गल्ल्यांत खरोखरच सूर्य दिसू लागला, हेही नाकारता येत नाही.

सोयीची किंमत मात्र दोन ठिकाणी चुकवावी लागली. एक तर पेटेनकोफर यांच्या खोलीत जो तापमानाचा फरक हवा ओढून घेत होता तो मुंबईत जवळजवळ नसतोच. आत-बाहेर सारखाच उष्मा असताना केवळ मोकळ्या जागेने हवा हलत नाही, त्यास समोरासमोरची दारे-खिडक्या व समुद्राकडील वारा लागतो. पाठीला पाठ लावून बांधलेल्या चाळीच्या खोलीस हा आरपार वारा कोठून मिळणार? दुसरे असे की, कोन खोलीबाहेरच्या जागेचे माप देतो. खोलीच्या आत काय पेटले आहे याविषयी तो मौन बाळगतो.

आत काय पेटले होते याची साक्ष दहा वर्षांनी मिळाली. स्त्री-कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर श्रीमती बार्न्स यांनी १९२२ मध्ये ‘लेबर गॅझेट’मध्ये एका चाळीतील दुसऱ्या मजल्यावरील खोलीचे वर्णन केले. खोली सुमारे पंधरा फूट लांब व बारा फूट रुंद. तीत सहा कुटुंबे राहत होती आणि त्याचा पुरावा म्हणून जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या. मुले धरून माणसे तीस. सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आलेले. सहा चुलींच्या धुराने भरलेल्या त्या खोलीतील हवा आई व मूल यांना दुर्बल केल्यावाचून राहणार नाही, असा अभिप्राय डॉक्टरीणबाईंनी नोंदविला. हे वर्णन पुढे कामगारविषयक अनेक ग्रंथांत उद्धृत झाले. परंतु बहुतेक ठिकाणी ते गर्दीचा दाखला म्हणून आले, धुराचा म्हणून नव्हे.

या खोलीस नेटलीचे प्रमाण लावून पाहणे व्यर्थ होणार नाही. उंची दहा फूट धरली तर खोलीचे आकारमान १,८०० घनफूट होते. तीस माणसांस दर माणशी ३,००० प्रमाणे ताशी ९०,००० घनफूट हवा हवी. म्हणजे खोलीतील सर्व हवा तासात पन्नास वेळा बदलावयास हवी. मुलांसाठी निम्मी सूट दिली तरी हा आकडा कोणत्याही खिडकीच्या आवाक्याबाहेरचा आहे. आणि यात सहा चुली धरलेल्या नाहीत. त्या धरता येतच नाहीत. कारण चूल स्वतःच कार्बन डायॉक्साइड देते, आणि त्याक्षणी पेटेनकोफर यांची अट मोडते. साक्षीदार कोणाच्या बाजूने बोलतो आहे हेच कळेनासे होते. पाश्चात्त्य परीक्षा भारतीय घरात निरुत्तर झाली ती येथे. तिच्या पोटात एक धुराडे गृहीत धरलेले होते.

याच काळात युरोपात या परीक्षेचा शास्त्रीय पायाही हलला होता. निःश्वासात एखादे सेंद्रिय विष असते, हा ब्राउन-सेकार व दार्सोंव्हाल यांचा दावा हाल्डेन व लॉरेन स्मिथ यांनी फेटाळला. १९०५ मध्ये ब्रेस्लाऊ येथे फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत बंद कोठडीतील माणसे कासावीस झाली असता त्यांना नळीने बाहेरची हवा हुंगावयास दिली, तरी आराम पडला नाही. उलट बाहेर उभ्या असलेल्यांनी नळीतून कोठडीतील हवा घेतली तरी त्यांस काही झाले नाही. त्रास उष्णता, दमटपणा व हवेचा ठप्पपणा यांचा होता. यानंतर अभियंत्यांचे लक्ष आरामाकडे वळले. धुराची गाठ पडण्याची एक संधी आणखी हुकली.

भारतात धुरावर पहिले पद्धतशीर उपाय झाले ते मोजमापावाचून. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते. तेथून स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी आपल्या निर्धूर चुलीविषयीची पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दोहोंचे तत्त्व एकच : चुलीला बंदिस्त अंग द्यावे, एकाच जाळावर दोन-तीन भांडी ठेवावीत आणि धूर नळीने छपराबाहेर न्यावा. म्हणजे म्यूनिकच्या घरात गृहीत धरलेली वस्तू येथे मातीने घडवावयास घेतली होती. या कार्यकर्त्यांजवळ हवेचे आकडे नव्हते. स्वयंपाकघरात बसून पाहिल्याचा अनुभव होता. धुराचे काही उपयोग घरच्या बाईला ठाऊक होते, हेही त्यांच्या ध्यानी आले असले पाहिजे. धुराने छपराच्या वाशांना व गवताला कीड लागत नाही, आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे टिकतात, डास दूर राहतात. घरातून धूर नाहीसा करणे हा त्या घराच्या रचनेतील एक घटक काढून घेणे होते, हे पुढच्या सरकारी योजनांनी फारसे मनावर घेतले नाही.

वैद्यकाने या प्रश्नास हात घातला तो हृदयरोगाच्या वाटेने. दिल्लीच्या एस. पद्मावती व एस. एन. पाठक यांनी १९५९ मध्ये फुप्फुसविकारातून उद्भवणाऱ्या दीर्घकालीन हृदयरोगाच्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग समजला जाई. येथे स्त्रिया लक्षणीय संख्येने आढळल्या, आणि त्या सहसा धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. संशय चुलीकडे गेला. पण संशयाला आकडा मिळाला तो १९८० नंतर. कर्क स्मिथ, ए. एल. अग्रवाल व आर. एम. दवे यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या ३६ स्त्रियांच्या अंगावरच हवा खेचणारे छोटे उपकरण अडकविले आणि १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसाकाठी सुमारे तीन तासांच्या स्वयंपाकात त्यांच्या श्वासात येणाऱ्या हवेत तरंगत्या कणांचे प्रमाण सरासरी दर घनमीटरला सुमारे ७ मिलिग्रॅम होते. बेंझोपायरिन या कर्करोगजनक द्रव्याचे प्रमाण ४,००० नॅनोग्रॅमच्या आसपास होते.

या आकड्याची तुलना आजच्या मर्यादांशी सरळ भागाकार करून करण्याचा मोह टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीस जी १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली ती अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांची आहे. गुजरातचे माप सर्व आकारांच्या कणांचे व फक्त स्वयंपाकाच्या वेळेचे होते. तरीही अंतर फार मोठे आहे, हे कोणत्याही सावध हिशेबाने झाकत नाही. या संशोधनातील खरा बदल आकड्यात नसून उपकरणाच्या जागेत आहे. प्रीस्टलींपासून ऑर यांच्यापर्यंत परीक्षा हवेची, खोलीची किंवा गल्लीची होती. येथे प्रथम एका विशिष्ट माणसाच्या नाकापाशी, ती काम करीत असता, हवा मोजली गेली. मध्यरात्र गेली आणि स्वयंपाकाची वेळ आली.

१९८३ मध्येच केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो थांबविला जाईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद आहे. त्या किती काळ वापरात राहिल्या हा प्रश्न निराळा. या कार्यक्रमात चुलीची मुख्य परीक्षा प्रयोगशाळेत, ठरावीक पाणी उकळण्यास किती सरपण लागते यावर होई. जंगलतोडीची चिंता त्यामागे होती. तपासली जात होती चूल, स्वयंपाकघर नव्हे. पुढे ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांनी काही वर्षे केलेल्या पाहणीत असे आढळले की, सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी धुराचे श्वसन घटले; नंतर नळ्या साफ न झाल्याने, चुली दुरुस्त न झाल्याने व वापर कमी झाल्याने तो लाभ उरला नाही. चूल बसविण्याच्या दिवशी मोजणारा परीक्षक आणि तिसऱ्या वर्षी मोजणारा परीक्षक यांची उत्तरे भिन्न येतात, हे डंडीच्या अभ्यासकांस नवल वाटले नसते. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने धूर सुधारण्याऐवजी इंधनच बदलण्याचा मार्ग धरला. पेटेनकोफर यांच्या क्रमातील पहिली पायरी ती हीच. पण पुन्हा मोजणी जोडण्यांची झाली. दुसरे सिलिंडर घेणे न परवडल्याने गॅसच्या शेगडीशेजारी चूल पेटती राहिली तर हवेचे काय होते, याचे उत्तर जोडण्यांच्या संख्येत नसते.

नागरी बांधकामाचे नियम मात्र ऑर यांच्याच वळणाने चालले आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या ठरावीक अंशाइतकी खिडकी सांगितली आहे : उष्ण-कोरड्या प्रदेशात एक-दशांश, उष्ण-दमट प्रदेशात एक-षष्ठांश. स्वयंपाकघरास त्यात पंचवीस टक्क्यांची वाढ आहे. ही परीक्षाही नकाशावरच होते.

पेटेनकोफर यांचा आकडा अलीकडे अनपेक्षितपणे घरांत परतला. २०२० नंतरच्या साथीत बंद खोलीतील हवा किती जणांच्या फुप्फुसांतून फिरून आली आहे, हे जाणण्याची निकड भासली आणि अवरक्त किरणांनी कार्बन डायॉक्साइड मोजणारी हातात मावणारी यंत्रे वर्गांत, कचेऱ्यांत व घरांत ठेवली जाऊ लागली. इंग्लंडच्या सरकारने २०२१ मध्ये शाळांसाठी अशी तीन लाख यंत्रे देण्याचे जाहीर केले. या यंत्रांवर बहुधा दहा लक्षांत हजार भाग या आकड्याशी रंग बदलतो. म्हणजे १८५८ चाच दर हजारी एक. निजण्याच्या खोलीत हे यंत्र चोख काम करते. तेच उचलून स्वयंपाकघरात, पेटलेल्या गॅसच्या शेगडीजवळ ठेवले तर काही मिनिटांतच आकडा चढू लागतो आणि त्यात माणसाचा श्वास किती व ज्योतीचा वाटा किती हे ते सांगू शकत नाही. ज्योतीबरोबर निघणारा नायट्रोजन डायॉक्साइड आणि फोडणीच्या तेलाचे सूक्ष्म कण त्याच्या पडद्यावर उमटतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी यंत्रे लागतात.